आईला घेऊन कोयासान: दोन रात्री, एक गुडघा आणि जवसाची चटणी

आधी थोडं बॅकग्राउंड सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. मी नोकरीमुळे ओसाकात आहे, अडीच वर्षं झाली, आणि आई नागपूरहून यंदा पहिल्यांदा आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, 34 वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. आमच्या घरात सकाळी त्रिसरण पंचशील झाल्याशिवाय चहा नाही, आजोबा 1956 ला 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर हजर होते, म्हणजे कसं घर ते तुम्हाला कळलं असेलच. तर मी मोठ्या उत्साहाने तिच्यासाठी डिस्नी, युनिव्हर्सल, बुलेट ट्रेन असली यादी करून ठेवली होती आणि तिने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "हे तुझ्या पोरांसाठी ठेव, झाली की. मले बाबासाहेबांचा पुतळा दाखव."

जपानमध्ये बाबासाहेबांचा पुतळा आहे हे मलाच धड माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, पेपरात वाचलेलं. वाकायामा प्रांतात कोयासान नावाचा डोंगर आहे, तिथल्या विद्यापीठात 2015 च्या सप्टेंबरात पुतळा बसवला, तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस अनावरणाला आले होते. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात 2013 ला करार झालाय, तिथून ही देवाणघेवाण सुरू झाली. आणि ओसाकाहून हे ठिकाण दोन अडीच तासांवर. एवढं जवळ असून मी गेलो नव्हतो, ते जाऊ द्या.

दिवस पहिला

ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून नानकाई रेल्वेची गाडी. मोठी बॅग लॉकरमध्ये टाकली, दोघांत एक पिट्टू आणि आईची ती कायमची कापडी पिशवी, जिच्यात काय असतं हे विचारायचं नसतं. कोया नावाची एक्सप्रेस आहे, तिला वेगळं सीट तिकीट लागतं पण गुडघ्याचा विचार करून ते काढलं. हाशिमोतोपर्यंत नेहमीचंच, घरं, पार्किंग, घरं, शेतं. मग तिथून पुढे गाडी एकदम बदलते, सिंगल लाइन, बोगदे, डाव्याउजव्या वळणावर चाकं कर्र्र करून ओरडतात आणि खाली दरी. झाडं इतकी जवळ की खिडकीतून हात काढला तर पानं हातात येतील.

मध्ये कुदोयामा नावाचं स्टेशन लागलं आणि मी आदल्या रात्री वाचलेलं ज्ञान पाजळलं. कोयासान वसवणारे भिक्षू म्हणजे कूकाई, जन्म 774 चा, नंतर 921 मध्ये त्यांना कोबो दाइशी ही पदवी मिळाली आणि आज लोक त्याच नावाने ओळखतात. 816 ला सम्राटाने त्यांना हा डोंगर दिला. त्यांची आई शिकोकू बेटावरून मुलाला भेटायला आली, पण डोंगरावर बायकांना बंदी, म्हणून ती पायथ्याशीच राहिली आणि कूकाई महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला यायचे असं सांगतात. कुदोयामा म्हणजे नऊ वेळांचा डोंगर.

आई खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "महिन्यातून नऊदा?"

मी म्हटलं हो, तसं सांगतात.

"पायी?"

पुढे ती काही बोलली नाही. मी वर्षातून एकदा जातो घरी, ते पण विमानाने. कुदोयामाचा विषय मी लगेच बदलला.

शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी. गोकुराकु म्हणजे सुखावती, बाशी म्हणजे पूल. तिथून केबल कार, लाल रंगाची, जेमतेम पाच मिनिटांचा प्रवास पण 300 मीटरहून जास्त वर नेते, आणि चढ असा उभा की डबा आतूनच जिन्यासारखा बांधलाय, पायरीपायरीवर माणसं उभी. वर स्टेशनला उतरलं की चालत जाता येत नाही, तो रस्ता फक्त बससाठी आहे, सगळे गुपचूप रांगेत बसमध्ये.

पहिलाच स्टॉप न्योनिनदो, म्हणजे बायकांचं देऊळ. आई म्हणाली इथेच उतरू. 1872 पर्यंत बायकांना वर यायची बंदी होती, सरकारने उठवली तेव्हासुद्धा डोंगरावर पूर्ण अंमल व्हायला आणखी वर्षं गेली. डोंगराला सात वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी बायकांसाठी असं एकेक घर होतं, तिथवर येऊन प्रार्थना करायची आणि परत फिरायचं. आता सातांपैकी हे एकच उरलंय. काही बायका परत न जाता डोंगराच्या कडेकडेने, धारेवरून चालत, झाडांच्या फटीतून आतलं जेवढं दिसेल तेवढं बघत पूर्ण फेरी मारायच्या. ती पायवाट अजून आहे.

देऊळ लहानसं, काळपट लाकडाचं, आत मेणबत्त्या. आईने हात जोडले नाहीत. दारात उभी राहून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली "बाहेरून बघत फिरायच्या, बाप्पा." आणि मुद्दाम, मी सांगतो मुद्दाम, देवळाच्या पुढची ती जुनी हद्द पायाने ओलांडून पलीकडे गेली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली चल.

राहायची सोय देवळातच. याला शुकुबो म्हणतात. कोयासानवर 117 देवळं आहेत, त्यातली 50 च्या आसपास मुक्कामाला जागा देतात. आम्ही माणशी 15,000 येन दिले एका रात्रीचे, दोन जेवणं धरून. ओसाकातल्या हॉटेलपेक्षा महाग, आणि खोलीला कुलूप नाही, भिंती म्हणजे सरकते कागदी दरवाजे, शेजारचा फ्रेंच माणूस घोरला की आपल्याला जाग. कॉरिडॉरमध्ये थंडी अशी की पायाखाली लाकूड नाही बर्फाची लादी आहे. उंची फक्त 800 मीटरची, चिखलदऱ्यापेक्षा कमीच, पण नोव्हेंबरची सुरुवात होती आणि भोवती आठ शिखरं. कमळाच्या पाकळ्यांसारखी म्हणतात आणि मध्ये गाव. सगळा गारवा त्या कमळाच्या वाटीत उतरतो. खोलीत केरोसीनचा हीटर होता. आईला त्याच्या वासाने एकदम तिच्या माहेरचा स्टोव्ह आठवला, त्यामुळे ती खूश.

चपलांचं शास्त्र मात्र वेगळं आहे इथे. बाहेरचे बूट दारात, आत स्लिपर, ताटामीवर, म्हणजे खोलीतल्या चटयांवर, स्लिपरही नाही, आणि संडासाचे स्लिपर वेगळे जे फक्त संडासातच घालायचे. मी अडीच वर्षं जपानमध्ये राहिलेला माणूस, आईला हे सगळं व्यवस्थित समजावलं, आणि जेवायच्या हॉलकडे निघालो तेव्हा माझ्याच पायात संडासाचे स्लिपर. आईने बघितलं. तिने हे नागपूरला फोन करून सगळ्यांना सांगितलंय, म्हणून इथेही लिहून टाकतो.

जेवण साडेपाचला! आपल्याकडे तेव्हा चहा होतो. लाल लाखेच्या छोट्या चौरंगांवर वाट्याच वाट्या. याला शोजिन र्योरी म्हणतात, मांस मासे तर नाहीच, कांदा लसूणसुद्धा नाही. एरवी जपानमध्ये शाकाहारी माणसाची फजिती होते कारण साध्या सूपमध्येही वाळक्या माशाचा अर्क असतो, इथे तो अर्क कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूमचा काढतात. पाच रंग, पाच चवी, पाच पद्धतीने शिजवलेलं, असा हिशोब. तिळाचं तोफू होतं, गोमादोफू, म्हणायचं तोफू पण त्यात सोयाबीनचा दाणा नाही, तीळ बारीक वाटून एका कंदाच्या सत्त्वात आटवतात आणि थापतात. चमचा लावला की थरथरतं आणि तोंडात गेल्यावर आधी काहीच नाही, मग हळूहळू तीळ येतो मागून. आणि कोयादोफू, हे इथलंच, तोफू थंडीत गोठवून वाळवतात आणि मग रसात शिजवतात, स्पंज होतो त्याचा. आई म्हणाली "हे तं रसमलाईचं मिठाचं भावंड आहे."

मग तिने पिशवीत हात घातला आणि जवसाच्या चटणीची डबी काढली. मी घाबरलो. इकडेतिकडे बघितलं, तोवर तिची डबी अर्धी उघडून पुन्हा बंद पण झाली होती. "लसूण आहे यात. नको." आणि डबी परत पिशवीत. दोन दिवस ती चटणी पिशवीतच राहिली, एवढा संयम मी तिला घरात कधी करताना पाहिलेला नाही.

जेवणानंतर ध्यान होतं, आजिकान. त्यासाठी छोट्या हॉलमध्ये नेलं. आईला खाली बसता येत नाही, मी सांगायच्या आधीच एका तरुण भिक्षूने तिच्यासाठी लहानसं स्टूल आणून ठेवलं. समोर एक चित्र टांगलेलं, कमळ, कमळावर पांढरं गोल चंद्रबिंब, आणि त्या चंद्रात एकच अक्षर. बस. भिक्षू बऱ्यापैकी इंग्रजी बोलत होता, मी आईला मराठीत सांगत होतो. म्हणे हे अक्षर सिद्धम् लिपीतलं, भारतातून चीनमार्गे आलेलं, इथे याला बोनजी म्हणतात, आणि याचा उच्चार

"अ," आई म्हणाली. मी सांगायच्या आत.

तिला वाचता आलं! आपल्या अ चा पणजोबा वाटावा असं वळण होतं पण ओळख पटण्यासारखं. आजिकान म्हणजे अ चं ध्यान. जी कधी जन्मली नाही आणि म्हणून मरत नाही अशी गोष्ट, तिची खूण हा अ, कारण तोंड उघडल्यावर पहिला निघतो तो हाच आवाज. श्वास सोडताना लांब अ म्हणायचा. दहाबारा लोक होते, फ्रेंच, जर्मन, जपानी, सगळे आपले अऽऽऽ करतायत आणि माझी आई डोळे मिटून स्टुलावर ताठ. मला शाळेतला तिचा वर्ग आठवला, मी पण तिच्याच वर्गात होतो पहिलीला आणि घरी आई आणि शाळेत बाई म्हणायचं असा नियम होता.

खोलीत आल्यावर गादीवर पडल्या पडल्या म्हणाली, "34 वर्षं अ अननसाचा शिकवला. अ नुसता अ चा, हे कोणी सांगितलं नाही."

मग मी तिला जपानी वर्णमाला सांगितली कारण झोप दोघांनाही येत नव्हती. आ ई ऊ ए ओ. मग का सा ता ना हा मा या रा वा. ती उठूनच बसली. म्हणाली हा तर आपलाच क्रम, क च ट त प, य र ल व, पण च कुठे गेला? तर च च्या जागी सा आहे, कारण जुन्या जपानीत सा चा उच्चार च किंवा त्स च्या जवळचा होता म्हणतात, आणि हा पूर्वी पा होता. त नंतर न येतो, प नंतर म, बरोबर आपल्यासारखं, अनुनासिक शेवटी. सिद्धम् शिकणाऱ्या भिक्षूंमुळे हा क्रम जपानीत बसला. आई अंधारात बोटं मोजत होती. तिला जपानमध्ये आल्यापासून इतका आनंद कशानेच झाला नव्हता, टोकियो टॉवरचं तर नावच काढू नका.

दिवस दुसरा

सकाळी सहाला पूजा. साडेपाचला कुठल्यातरी घंटेने जाग आली, बाहेर गच्च अंधार आणि माझ्या फोनवर 4 डिग्री. जेवढे कपडे होते तेवढे अंगावर चढवून गेलो. मुख्य हॉल काळोखा, सोनेरी झुंबरं लटकलेली, सगळं सोनं एकदम दिसत नाही, दिव्याजवळचं तेवढं चमकतं. भिक्षू एका सुरात म्हणत होते, मध्ये एकदम झांज. प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचे कागद वाटले, रोमन अक्षरात उच्चार लिहिलेले, मी बोट ठेवून आईला दाखवत होतो पण त्यांचा वेग असा की मीच हरवलो. आणि मग शेवट आला: ग्याते ग्याते हारा ग्याते हारासोग्याते बोजी सोवाका.

आईने माझा दंड धरला. गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा! पाली वंदना आयुष्यभर म्हणलेल्या बाईला गते आणि बोधि कोणी समजावून द्यावं लागत नाही. ती हळू आवाजात म्हणायला पण लागली, आपल्या उच्चारात.

पण स्वाहा वर ती थोडी अडखळली होती, ते मला नंतर कळलं, कारण याच्या पाठोपाठ होता गोमा. शेजारच्या हॉलमध्ये चौकोनी कुंड, भिक्षू त्यात काटक्या रचतोय, तूप नाही पण तेल ओततोय पळीने, ज्वाला छताकडे, ढोल धाडधाड, समोर फुदो म्योओ म्हणजे आपल्या ग्रंथांतला अचल, रागीट चेहऱ्याचा, हातात तलवार, मागे आगीची प्रभावळ. गोमा म्हणजे होम. शब्दच तो.

आईचा चेहरा. मी ओळखतो तो चेहरा. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई आणि समोर बुद्धविहारात चक्क होम. संपल्यावर बाहेर आलो तर तो कालचाच तरुण भिक्षू भेटला आणि ती मला म्हणाली, "विचार त्याला. बुद्धांनी यज्ञ नाकारले, मंग हे काहून करता?"

आता हे इंग्रजीत कसं विचारायचं, तेही उद्धट न वाटता, सकाळी सात वाजता, उपाशीपोटी! मी आपलं गुळमुळीत विचारलं. तो भिक्षू हसला नाही की रागावला नाही, उलट आईकडे वळून, मला मध्ये न घेता, तिच्याशीच बोलायला लागला जणू तिला इंग्रजी येतंय. म्हणाला लाकडं म्हणजे आपले क्लेश, लोभ, राग, मोह, आणि आग म्हणजे प्रज्ञा. देवाला काही पोचवायचं नसतं, आपलंच आपण जाळायचं असतं. मी भाषांतर केलं. आईने ऐकून घेतलं, मान हलवली, म्हणाली "बरोबर आहे त्याचं." लोक त्या काटक्यांवर आपली इच्छा लिहून देतात, तिथे पेन ठेवलेलं होतं, भिक्षूने एक काटकी तिच्यापुढे धरली. तिने दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि काटकी घेतली नाही. "समजलं मले. पण मी नाही लिहिणार."

मी लिहिली एक. तिच्या गुडघ्यासाठी. तिला अजून माहीत नाही.

नाश्ता करून ओकुनोइनला गेलो, हे कोयासानचं सगळ्यात मोठं ठिकाण. 835 मध्ये कूकाई गेले, पण इथे कोणी गेले म्हणत नाही, ते ध्यानात बसलेत आणि अजून बसलेत असं मानतात. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला एक सेकंद लागतो, आळंदी. संजीवन समाधी. फरक एवढा की इथे त्यांना रोज दोनदा जेवण जातं, सकाळी सहाला आणि साडेदहाला, आणि ते थांबलेलं नाही. आम्ही साडेदहाचं गाठलं. पिवळ्या वस्त्रातले दोन भिक्षू पांढऱ्या लाकडाची पेटी खांद्यावर घेऊन निघाले, पुढे एक वरिष्ठ. आधी जिझो या बोधिसत्त्वाच्या एका छोट्या मूर्तीपुढे थांबतात, तो म्हणे चव बघणारा, मग पूल ओलांडून समाधीकडे. पेटीत काय असतं बघता येत नाही. आईने पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे "चहा देतात का सकाळचा?"

त्या पुलाच्या पुढे फोटो बंद, टोप्या काढायच्या. पुलाला 36 दगडी फळ्या आहेत आणि अख्खा पूल धरून 37, मंडलातल्या, म्हणजे देवतांच्या ठरलेल्या मांडणीच्या चित्रातल्या, 37 देवतांसाठी, प्रत्येक फळीच्या खालच्या बाजूला बीजाक्षर कोरलंय, म्हणजे पाण्यातल्या माशांनाच दिसणार. पलीकडे दिव्यांचा हॉल, दहा हजारांहून जास्त कंदील, खाली वर सगळीकडे मिणमिणते. त्यातले दोन खूप जुने, हजार वर्षांच्या आसपास अखंड तेवत आहेत असं सांगतात, एक राजेरजवाड्यांकडचा आणि एक एका गरीब मुलीचा, जिने आईबापांसाठी दिवा लावायला स्वतःचे केस विकले. हॉलच्या मागे जाऊन समाधीसमोर उभं राहिलं की फक्त झाडं आणि एक बंद दार. एक म्हातारे जपानी आजोबा तिथे सूत्र म्हणत होते, एकटेच, पाठ न वाकवता. आईने त्यांच्या बाजूला उभं राहून बुद्धं सरणं गच्छामि म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण संपल्यावर एकमेकांना वाकून नमस्कार केला.

येताना मी म्हटलं बसने जाऊ, जुनी वाट दोन किलोमीटर आहे. नाही म्हणाली. दोन किलोमीटरला आम्हाला दोन तास लागले आणि बरं झालं लागले. दोन लाखांहून जास्त थडगी आणि स्मारकं, शेकडो वर्षांचे सीडर, खोडाला तिघांनी कवेत घ्यावं असे, आणि सगळ्यावर शेवाळ. सोळाव्या शतकातला जपानी सरदार ओदा नोबुनागा इथे, त्याला दगा देणारा आकेची मित्सुहिदे पण इथेच, जन्मभर एकमेकांशी लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन समोरासमोर. नव्या भागात तर कंपन्यांची स्मारकं आहेत. एक रॉकेट उभं केलंय दगडात, एक कॉफीचा कप, आणि एक वाळवीसाठी! पेस्ट कंट्रोलवाल्यांनी उभारलंय, मारलेल्या वाळवीला शांती मिळो म्हणून. आई तिथे हसली नाही. म्हणाली "पाणातिपाता वेरमणी. निदान आठवण तं ठेवतात." पंचशीलातलं पहिलं शील ते, जीव मारू नये.

जुन्या थडग्यांचा एक ठरलेला आकार आहे, पाच दगड एकावर एक. खाली चौकोन, वर गोळा, वर छपरासारखा त्रिकोणी, वर अर्धगोल, वर कळी. प्रत्येकावर एक अक्षर. एका थडग्यापुढे ती थांबली, शेवाळ बोटाने थोडं बाजूला केलं (नको करू म्हणेपर्यंत केलं), आणि खालून वाचायला लागली, अ, मग पुढचं येईना, मी फोनवर शोधून दिलं: अ व र ह ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पंचमहाभूतं एकावर एक रचून ठेवलेली, आणि माणूस परत त्यांच्यात. मग उरलेल्या वाटेवर ती प्रत्येक थडग्याला शाळा तपासणीला आल्यासारखी बघत होती, एकाचा ह चुकला आहे असंही तिचं म्हणणं पडलं.

वाटेत एक छोटी विहीर लागते, तिच्यात डोकावून आपलं प्रतिबिंब दिसलं नाही तर तीन वर्षांत मरण असं म्हणतात. मी लांबूनच फोटो काढत होतो. आई सरळ गेली, चष्मा सावरला आणि वाकली. मी धावलो मागे.

"दिसलं?"

"हाव. मागून तुझं पण दिसलं, घाबरलेलं."

दुपारी विद्यापीठ. जायच्या आधी आईला फुलं हवी होती, पण दुकानात फुलांऐवजी हिरव्या फांद्यांच्या जुड्या. कोयामाकी नावाचं झाड आहे इथलं. पूर्वी या डोंगरावर फळाफुलांची झाडं लावायलाच बंदी होती म्हणून देवाला, समाधीला हीच फांदी वाहतात, आजही. एक जुडी घेतली. पानं जाडसर, सुईसारखी, वास पावसात भिजलेल्या लाकडाचा.

पुतळ्यापाशी काय झालं हे फार लिहीत नाही. फांदी ठेवली. तिने चपला काढल्या, त्या थंडीत. आवारात पोरं सायकली घेऊन चालली होती, एक मुलगी थांबून बघत होती तर आईने तिला हाताने बोलावलं आणि पुतळ्याकडे बोट करून मराठीत सांगितलं, "हे आमचे बाबासाहेब." मुलगी वाकून हाय हाय म्हणाली, म्हणजे जपानीत हो हो. माझा फोन तेव्हा थंडीने बंद पडला होता म्हणून फोटो त्या मुलीच्या फोनवर काढला आणि तिने मला पाठवला. आमच्या घरात आता हॉलमध्ये तोच लागणार आहे.

संध्याकाळी दांजो गारान या देवळांच्या मुख्य आवाराला धावती भेट, खरं तर इथेच एक दिवस द्यायला हवा. लालभडक दाइतो स्तूप, उंची 48 मीटरच्या वर, बऱ्याच वेळा जळाला, आत्ताचा 1937 चा. आत मध्यभागी महावैरोचन, म्हणजे इथल्या पंथाचे मुख्य बुद्ध, भोवती चार बुद्ध, आणि 16 खांबांवर 16 बोधिसत्त्व रंगवलेले, म्हणजे चित्रातलं मंडल उभं करून आपल्याला त्याच्या आत सोडलंय. आईला वेरूळची 12 नंबरची लेणी आठवली, शाळेची सहल घेऊन गेली होती ती, तिथे भिंतीवर नऊ घरांचं मंडल कोरलेलं आहे, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. "ते काळं पडलं, हे रंगवून ठेवलं," एवढंच म्हणाली. याच परंपरेच्या आचार्यांच्या यादीत नागार्जुन आहेत हे सांगितलं तर म्हणाली ते माहीत आहे मला, रामटेकला टेकडी आहे त्यांची. मी गप्प.

दिवस तिसरा

आवरून कोंगोबुजी बघितलं, मुख्य मठ. दगडांची बाग आहे, बानर्यूतेई, जपानमधली सगळ्यात मोठी, 140 ग्रॅनाइटचे दगड कूकाईंच्या शिकोकूहून आणलेले, पांढऱ्या वाळूतून दोन ड्रॅगन निघालेत अशी कल्पना आहे. मला ड्रॅगन दिसले नाहीत. आईला बाग बघण्यात रस नव्हता, ती स्वयंपाकघरात रमली. काळीकुट्ट भिंत, मोठमोठ्या चुली, एका वेळी 2,000 माणसांचा भात होईल अशी भांडी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीबाहेर रस्तोरस्ती अन्नदान होतं, आमच्या वस्तीचाही स्टॉल असतो, तर तिने लगेच हिशोब मांडला की असं एक पातेलं असतं तर गेल्या वर्षी भात कमी पडला नसता.

परतीला मी कुदोयामाला उतरायचं ठरवलं होतं, तिला न सांगता. स्टेशनहून जिसोनइन अर्धा तास चालायचं, टॅक्सी काही दिसेना, तिच्या वेगाने पाऊण तास लागला. हेच ते देऊळ, कूकाईंची आई राहिली ते. आता इथे बायका बाळंतपणासाठी, दुधासाठी, स्तनाच्या आजारासाठी नवस बोलतात, लाकडी पाटीवर कापसाचे स्तन करून टांगलेले, ओळीने, साधे, घरी शिवलेले. आई बराच वेळ त्या पाट्यांसमोर होती. तिची धाकटी बहीण त्याच आजाराने गेली. तिथे मात्र तिने हात जोडले.

बाजूच्या पायऱ्यांवर दगडी खूण आहे, 180 नंबरची. इथून वर गारानपर्यंत दर 109 मीटरवर असा एक दगड, 180 दगड, वीस किलोमीटरच्या आसपास वाट. कूकाई याच वाटेने यायचे म्हणे. आईने दगडावर हात ठेवला, वर झाडीत जाणाऱ्या वाटेकडे बघितलं, आणि गुडघा चोळत पायरीवर बसली. "नऊदा नको. दोनदा ये वर्षातून," म्हणाली. मी म्हटलं बघतो. बघतो काय, दिवाळीचं तिकीट काढलंय, पण सुट्टी अजून मंजूर नाही.

स्टेशनकडे येताना रस्त्याकडेला एका घराबाहेर मोठ्या टोपलीत काकी, म्हणजे जपानी पर्सिमन फळं, विकायला ठेवलेल्या, शेजारी पैशाचा डबा, माणूस कोणीच नाही. वाकायामात ही फळं अमाप पिकतात, भगवी, टोमॅटोसारखी. डब्यात नाणी टाकली, चार घेतल्या, प्लॅटफॉर्मवर बसून आईने पिशवीतल्या सुरीने कापली. पहिला घास घेतला आणि म्हणाली अरे हे तर टेंभरू! आणि खरंच, दोन्ही एकाच कुळातली झाडं, आपल्याकडे पानं विडीला जातात ते. तिच्या माहेरी भंडाऱ्याकडे जंगलात पोरं टेंभरं खात हिंडायची. मग चटणीची डबी निघाली. दोन दिवसांनी. काकीच्या फोडीवर जवसाची चटणी, ऐकायला कसंही वाटू दे, चार फळं तिथेच संपली. लसणाचा वास प्लॅटफॉर्मभर.

मग तिने रुमाल पसरला, बिया नागपूरला नेऊन लावू म्हणून. एक एक फोड उलटीपालटी करून बघितली. बी नाही. इकडे बिनबियांच्या जातीची पिकवतात बरीच.

"एकही नाही रे," म्हणाली, आणि रुमाल झटकून परत पिशवीत ठेवला. तेवढ्यात गाडी आली.